कॅम्परव्हॅनमधील झोळी : जागा वाचते, पण भार कोण पेलते?

स्वतःचे वाहन हेच निवासस्थान मानून प्रवास करण्याची पद्धत आता भारतातही रुजू लागली आहे. महाराष्ट्र आणि केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनासाठी स्वतंत्र धोरणे जाहीर केली. अशा वाहनात सर्वांत मोठी अडचण असते ती झोपण्याच्या जागेची. पलंग मांडला की स्वयंपाकाला आणि वावरायला जागा उरत नाही. म्हणून काही प्रवासी पलंगाऐवजी हॅमॉक, म्हणजेच दोन्ही टोकांना बांधलेली झुलती झोळी, वापरण्याचा पर्याय निवडतात. हा पर्याय सोपा आणि स्वस्त वाटतो. मात्र त्यामागील बलाचे गणित समजून न घेता तो अवलंबल्यास वाहनाची हानी आणि शरीराला इजा, दोन्ही संभवतात.

झोळीचा मूळ प्रदेश कॅरिबियन बेटे आणि अमेरिका खंडाचा उष्ण भाग हा होय. १४९२ मध्ये कोलंबस तेथे पोहोचला तेव्हा स्थानिक लोक झोळीत झोपत असल्याचे त्याला दिसले. हॅमॉक हा शब्दही तेथील ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला. पुढे युरोपीय नौदलांनी झोळी जहाजावर आणली. रात्री टांगायची आणि दिवसा गुंडाळून ठेवायची, या सोयीमुळे एकाच दालनात शेकडो खलाशांची व्यवस्था होऊ लागली. शिवाय जहाज कलंडले तरी झोळी बऱ्याच अंशी समतोल राहात असे.

याच दोन गुणांमुळे झोळी कॅम्परव्हॅनमध्येही उपयोगी ठरते. दिवसा ती काढून ठेवता येते. वाहन किंचित उतारावर उभे असले तर गादीवरचा मनुष्य एका बाजूला घसरतो. झोळीतला मनुष्य मात्र घसरत नाही. महाराष्ट्रात शेतमजूर आणि ऊसतोड कामगार स्त्रिया तान्ह्या मुलासाठी झाडाला लुगड्याची झोळी बांधतात, त्यामागेही हीच सोय असते. फरक इतकाच, की तान्हे मूल चार-पाच किलो वजनाचे असते आणि झाडाची फांदी दणकट असते.

प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत हिशेब बदलतो. पलंगावरील माणसाचा भार सरळ खाली, जमिनीवर जातो. झोळीतील भार मात्र दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांतून भिंतींना आतल्या दिशेने ओढतो. दोरी आडव्या रेषेशी किती अंशांचा कोन करते, यावर या ओढीचे प्रमाण अवलंबून असते. ८० किलो वजनाची व्यक्ती झोळीत असताना हा कोन ३० अंशांचा असेल, तर प्रत्येक दोरीवर सुमारे ८० किलो वजनाइतका ताण येतो. कोन १५ अंश झाला की हाच ताण सुमारे १५५ किलोंवर, तर १० अंश झाला की सुमारे २३० किलोंवर जातो. म्हणजेच झोळी जितकी ताणून, सपाट बांधावी, तितका आधारबिंदूंवरील भार वाढतो. कुणी झटक्याने बसल्यास क्षणिक ताण याहूनही अधिक होतो.

वाहनाच्या बाहेरील पत्र्याची जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. केवळ पत्र्यात बसवलेला हूक इतकी ओढ सहन करू शकत नाही. खिडकीवरील पकडण्याच्या मुठीही त्यासाठी बनविलेल्या नसतात. आधार द्यायचा तर तो वाहनाच्या सांगाड्यातील मजबूत खांबांनाच द्यावा लागतो, आणि हे काम जाणकार कारागिराकडून करून घेणे इष्ट. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करण्यास मनाई आहे, याकडेही दुर्लक्ष करता येत नाही.

दुसरी मर्यादा लांबीची. सुमारे ३.३ मीटर लांबीच्या झोळीस दोन आधारांमध्ये साधारण २.७ मीटर अंतर लागते. एवढे अंतर मिळाले, तर झोळीत किंचित तिरपे झोपून पाठ बऱ्यापैकी सपाट ठेवता येते. लहान व्हॅनमध्ये रुंदीच्या दिशेने ते मिळतच नाही. आखूड झोळीत पाठ कमानीसारखी वाकते आणि सकाळी कंबर धरते. म्हणून लांबीच्या दिशेने किंवा कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत झोळी बांधणे सोयीचे ठरते.

फोक्सवॅगनच्या जुन्या कॅम्परमध्ये या प्रश्नाचे एक मर्यादित उत्तर सापडते. तेथे चालकाच्या दालनात, आसनांच्या वर, लहान मुलासाठी दोन दांड्यांवर ताणलेले जाड कापड बसविण्याची सोय असे. कापडाची ओढ दांड्या पेलत आणि त्यांच्या आधारांवर मुख्यतः खालच्या दिशेने भार येई. चंद्रावर उतरलेल्या अपोलो यानांतही १९६९ च्या अपोलो १२ मोहिमेपासून अंतराळवीरांना झोळ्या देण्यात आल्या. तेथे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश असल्याने आधारांवरील भारही त्याच प्रमाणात कमी होता. पृथ्वीवरील प्रवाशाला ही सवलत नाही.

झोळीखालून हवा खेळत असल्याने उन्हाळ्यात ती सुखावह वाटते. थंडीत मात्र पाठीला गारठा जाणवतो आणि मग खिडक्या बंद करून शेगडी किंवा जनरेटर सुरू ठेवण्याचा मोह होतो. हा मोह प्राणघातक ठरू शकतो. केरळमधील वडकरा येथे डिसेंबर २०२४ मध्ये उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघांचा मृत्यू झाला. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साईड वायू आत शिरल्याचे तपासात आढळले. या वायूला रंग वा गंध नसल्याने झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. थंडीवर झोळीखाली जाड पांघरूण बांधणे हाच सुरक्षित उपाय होय.

आणखी एक नियम निरपवाद आहे. झोळी केवळ उभ्या वाहनात वापरायची. चालत्या वाहनात अचानक ब्रेक लागल्यास झोळीतील व्यक्तीला रोखणारे काहीही नसते. तेथे आसन आणि सीटबेल्ट यांना पर्याय नाही. मुक्कामी हँडब्रेक ओढून चाकांना अटकाव लावावा, गाठी व हूक तपासावेत आणि झोळी मजल्यापासून फार उंच बांधू नये. एवढी काळजी घेतली, तर खलाशांच्या उपयोगी पडलेली ही साधी झोळी व्हॅनमधील प्रवाशालाही निर्धास्त झोप देऊ शकते.