टनाचा बॉयलर, साडेआठशे किलो वाफ

गळीत हंगामाच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपनाचे समारंभ होतात. सपत्नीक पूजा, नारळ, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्याच जिल्ह्यात चंदगड-आजऱ्याकडच्या काजू कारखान्यांतही रोज सकाळी बॉयलर पेटतो, पण त्याचा फोटो कुणी काढत नाही. उभं पिंप, वर धुराडं, पोटात जाळ. धंद्यातलं नाव बेबी बॉयलर.

काजूला वाफ लागते ती बी शिजून कटरवर गर अख्खा निघावा इतपतच. साखर कारखान्याला आधी वाफेवर टर्बाइन फिरवायचं असतं आणि त्यातून बाहेर पडलेल्या वाफेवर रस आटवायचा असतो. म्हणून तिथे दाब चौरस सेंटिमीटरला 45, 67, 87 किलोंचा. एवढा दाब मोठ्या पिंपाला सोसत नाही. मग पाणी नळ्यांत आणि जाळ बाहेर, असा वॉटर ट्यूब बॉयलर लागतो. इचलकरंजीच्या कापड प्रोसेस हाउसला दहाएक किलोंचा दाब पुरतो. तिथे उलटं: नळ्यांतून धूर, भोवती पाणी. पाण्याचा साठा मोठा, त्यामुळे रंगाईचे चार जिगर एकदम सुरू झाले तरी दाब धाडकन पडत नाही. मात्र कापड सुकवणाऱ्या स्टेंटरला 200 अंशांची हवा हवी असेल, तर त्यासाठी दाब वाढवत बसू नये. तिथे वाफेऐवजी तेल तापवणारा थर्मिक फ्लुइड हीटर बरा.

आता बॉयलरचं कोटेशन वाचू. ‘क्षमता 1 टन’, आणि पुढे बारीक अक्षरांत ‘एफ अँड ए 100’. म्हणजे आत जाणारं पाणी आधीच 100 अंशांवर आहे, असं धरून केलेला हिशेब. उकळत्या पाण्याच्या एका किलोची वाफ करायला 540 किलोकॅलरी लागतात. पण बोअरचं 30 अंशांचं पाणी 7 किलो दाबाच्या वाफेपर्यंत न्यायला साधारण 630. तेव्हा टनाचा बॉयलर तासाला देतो साडेआठशे किलोच. यात फसवणूक नाही, जगभर असंच मोजतात. कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं परत झालेलं गरम पाणी, गटारात न सोडता परत टाकीत घेतलं, की यातलं बरंच भरून निघतं. पाणी 6 अंशांनी तापून आलं, तर इंधन टक्काभर वाचतं.

हे कळल्यावर काही जण घाबरून दोन टनी घेतात. मला ही चूक जास्त महाग वाटते. बर्नर सारखा बंद-चालू होतो आणि दरवेळी पेटण्याआधी पंखा गार हवा फुंकून तापलेल्या नळ्या थंड करतो.

खरा खर्च इंधनाचा. टनी बॉयलर पूर्ण भाराने चालला, तर तासाला 65-70 लिटर डिझेल पितो. नव्वदच्या भावाने सहा हजार रुपये. भुसा-काडीकचरा दाबून केलेल्या ब्रिकेट्स लागतात दोनशे किलोंच्या आसपास, आणि पैसे बरेच कमी. पण त्याबरोबर राख आली, कोरडी जागा आली, जाळ सांभाळणारा माणूस आला. डिझेल बटणाने विझतं, ब्रिकेट्सचा जाळ विझत नाही; मशिनं थांबली की सेफ्टी व्हॉल्व्ह बोंबलतो. काजूवाल्यांकडे टरफल घरचंच, पण त्यातलं तेल नळ्यांना डांबरासारखं चिकटतं. टरफल तेलासाठी विकून राहिलेली पेंड जाळणं शहाणपणाचं.

‘साहेब, नॉन-आयबीआर घ्या, इन्स्पेक्टरची कटकट नाही,’ हे वाक्य प्रत्येक लहान कारखानदाराने ऐकलेलं असतं. नॉन-आयबीआर म्हणजे बॉयलर कायद्याच्या कक्षेबाहेरचा. 1923च्या बॉयलर कायद्याच्या जागी 2025चा आला, तरी 25 लिटरपेक्षा कमी पाण्याचा बॉयलर अजून कायद्याबाहेरच आहे. त्यात पिंप नसतं, नळीची नुसती कॉइल असते; ती पाच-दहा मिनिटांत वाफ देते, हे खरं. पण साठा एवढासा, की एकदम मागणी आली की दाब बसतो, आणि पाण्यातला क्षार काढणाऱ्या सॉफ्टनरशिवाय बोअरचं पाणी चालवलं की कॉइल चोंदते. एका कारखानदाराच्या टेबलावर अशा कापलेल्या कॉइलचा तुकडा पेपरवेट म्हणून असतो. आत पांढऱ्या क्षाराचा थर, आणि मधे जेमतेम करंगळी जाईल एवढं भोक.