मनाचे आजारपण आणि घरी परतण्याची वाट

पालघर तालुका १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडत होता. जमिनीचा दावा असो, कलेक्टर कचेरीतले काम असो, की कामगार न्यायालयातील तारीख असो, आम्हां पालघर-बोईसरच्या लोकांना ठाण्याची वाट धरावी लागे. तरीसुद्धा कोणाविषयी ‘त्याला ठाण्याला नेले’ असे कोणी हलक्या आवाजात म्हणाला, की कोणत्या कचेरीत, असे ऐकणारा विचारीत नसे. आणि ठाण्याला गेलेला माणूस बरा होऊन परत आला, तरी लोकांच्या बोलण्यात तो ठाण्यालाच राहिलेला असे. आज आम्हांला बोलायचे आहे ते या परतलेल्या माणसाविषयी, आणि त्याची शुश्रूषा करून त्याला परत पाठवणाऱ्या परिचारिकेविषयी.

आम्ही डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कायद्याची जुनी पुस्तके, वाचनालय आणि इस्पितळांच्या बाहेरचे बाक यांच्यावर. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांची संघटना बांधण्यात बरीच वर्षे गेली. कामगाराचा हात यंत्रात सापडला तर काय करावे, हे आम्ही लवकर शिकलो. त्याचे मन जायबंदी झाले तर काय करावे, हे शिकायला मात्र फार उशीर लागला. आणि त्या उशिराची किंमत आम्ही नव्हे, दुसऱ्याने दिली. ती हकीकत पुढे येईल.

प्रथम इस्पितळाची गोष्ट पाहू. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ती उभी राहिली त्या काळी त्यांना सरळ ‘वेड्यांचे इस्पितळ’ म्हणत. १९१२ साली इंग्रज सरकारने जो कायदा केला त्याच्या नावातच वेडेपणा होता. त्याचा भर रुग्ण बरा होण्यावर नसून समाजाला त्याचा उपद्रव होऊ नये यावर होता. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने माणूस आत जाई, आणि एकदा आत गेला की बाहेर येण्याची घाई कोणालाच नसे. याचा दोष केवळ सरकारला देऊन चालणार नाही. त्या वेळी डॉक्टरांच्या हातीही फारसे काही नव्हते.

हे चित्र बदलले ते दोन औषधांनी. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील केड या डॉक्टरांना लिथियम या साध्या क्षाराने उन्माद शांत होतो असे आढळले. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देण्यात आले. नसलेले आवाज ऐकू येणे, कोणीतरी आपल्यावर विषप्रयोग करीत आहे अशी खात्री वाटणे, असली लक्षणे त्याने कमी होऊ लागली. जेथे माणसे वर्षानुवर्षे पडून राहत, तेथून ती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत घरी जाण्याजोगी होऊ लागली. आणि त्याबरोबर परिचारिकेचे कामही बदलले. तोवर ती बरीचशी राखणदार होती. आता ती खऱ्या अर्थाने परिचारिका झाली.

हे काम नेमके कोणते? लोकांची कल्पना अशी, की गोळ्या वाटल्या, दार लावले, झाले. वस्तुतः मनाच्या आजारात रक्त तपासून आजार मोजता येत नाही. तो मोजावा लागतो माणसाकडे पाहून. रात्री झोप किती लागली, जेवणात लक्ष होते का, बोलणे कालच्यापेक्षा जुळून येते का, गोळी गिळली की गालात धरून ठेवली, हे सर्व पाहून टिपून ठेवायचे, आणि डॉक्टर फेरीला आले की सांगायचे. डॉक्टर रुग्णाजवळ काही मिनिटे असतात. सिस्टर आठ तास असते. डॉक्टर औषध ठरवतात ते पुष्कळदा तिच्या डोळ्यांनी पाहून.

अशा कक्षांत आयुष्य काढलेल्या एक निवृत्त परिचारिका आमच्या परिचयाच्या आहेत. त्या सांगत, “पहिल्या दिवशी माझ्या हातात थर्मामीटर नाही दिला, किल्ल्यांचा जुडगा दिला.” पुढे त्या म्हणाल्या, “कोण बरा होतोय ते मला टॉवेलवरून कळायचे. ‘सिस्टर, हा टॉवेल माझा नाही, माझा कुठला?’ असे ज्याने विचारले, तो आता सुधारणार, असे मी धरून चालायची. ‘माझे’ म्हणायला लागला, म्हणजे माणूस परत आला.” रात्रपाळीत कक्ष भरलेला आणि बाई एकटी, असे प्रसंग त्यांनी पुष्कळ काढले. एकदा एका रुग्णाने त्यांच्या तोंडात मारली. दुसऱ्या आठवड्यात तोच हात जोडून पुढे उभा राहिला. त्यांना त्या माराचे फारसे काही वाटले नव्हते. वाईट वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. बऱ्या झालेल्या बाईला घरी न्या, म्हणून पाठवलेली पत्रे ‘या पत्त्यावर कोणी राहत नाही’ असा शेरा घेऊन परत येत. घरच्यांनी दाखल करतानाच खोटा पत्ता लिहून दिलेला असे. आणि त्यांच्या स्वतःच्या मुलीचे लग्न ठरत असता नातेवाइकांनी सांगितले, की आई सरकारी इस्पितळात आहे एवढेच बोला, कोणत्या ते सांगू नका. रुग्णाला लागलेला डाग असा परिचारिकेच्या पदरालाही लागतो.

आता रुग्णाची बाजू. आमच्या माहितीतल्या बहुतेकांना इस्पितळात फसवून नेण्यात आले होते. वज्रेश्वरीच्या दर्शनाला जाऊ म्हणून जीपमध्ये बसवले आणि गाडी भलत्याच फाटकाशी थांबली, असे एकाने सांगितले. इस्पितळ कोणते, हे सांगण्याचे येथे कारण नाही. ‘दवाखान्यात जाऊ असे खरे सांगितले असते तर कदाचित आलोही असतो,’ असे तो म्हणे. आत गेल्यावर केस कापले, कपडे बदलले, घड्याळ काढून घेतले. वार कोणता तेही समजेना. पण त्याच माणसाला एका सिस्टरचे नाव अजून आठवते, कारण ती त्याला नंबराने नव्हे तर नावाने हाक मारी.

औषधांविषयीही रुग्णाचे ऐकले पाहिजे. जुन्या औषधांनी हात थरथरतात, अंग ताठते. नव्यांपैकी काहींनी वजन आणि रक्तातील साखर वाढते. पुष्कळ औषधांनी झोप अनावर होते. ज्याला उकळत्या रंगाच्या टाकीशी उभे राहायचे आहे त्याने झोपेची गोळी घेऊन पाळीला जावे तरी कसे? घरचे म्हणतात, औषध घेत नाही, हट्टी आहे. पुष्कळदा तो हट्टी नसतो. त्याला कामावर जायचे असते. शिवाय रात्रपाळीचा प्रश्न आहेच. ज्यांना उन्मादाचे आणि नैराश्याचे झटके येतात त्यांची झोप मोडली की आजार उलटण्याची भीती असते. आमच्या बोईसरला एका खोलीत पाच-सहा परप्रांतीय कामगार पाळीपाळीने झोपतात. तेथे कोणाची झोप गेली, कोणी जेवण सोडले, हे पाहायला कोणी जागेच नसते.

आता ती हकीकत. कापड-रंगाईच्या एका कारखान्यातला आमचा एक सभासद तीन आठवडे झोपला नाही. पाण्यात विष आहे असे ओरडू लागला तेव्हा त्याला फाटकाबाहेर काढण्यात आले. भावाने त्याला इस्पितळात दाखल केले. दोन महिन्यांनी तो औषधावर स्थिर होऊन, डॉक्टरचा दाखला घेऊन कामावर आला. मालकाने त्याला घेतले नाही. खरे सांगायचे तर त्याच्या शेजारी उभे राहायला आमचेच सभासद तयार नव्हते. आम्ही वाटाघाटीला बसलो, हिशेबाच्या वर काही महिन्यांचा पगार मिळवला आणि राजीनाम्यावर त्याची सही घेतली. चांगली तडजोड झाली, असे आम्ही त्या रात्री समजत होतो. पुढे पैसे संपले, गाडीभाडे उरले नाही, गोळ्या बंद पडल्या आणि तो पुन्हा दाखल झाला. त्याची बायको युनियनच्या कचेरीत आली आणि एवढेच म्हणाली, “भाऊ, पैसे मिळवून दिलेत ते बरेच झाले. पण सकाळी उठून त्याला जायला जागा कुठे आहे?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी, की कायदा त्याच्या बाजूने होता आणि आम्ही पाने उलटून पाहिली नव्हती. तो राज्य विमा योजनेतला, म्हणजे ईएसआयचा, विमाधारक होता. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेल्या या योजनेत आजारी कामगाराला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सुमारे ७० टक्के भत्ता मिळतो. क्षय, कर्करोग यांसारख्या दीर्घ आजारांची एक वेगळी यादी आहे; सेवेच्या आणि वर्गणीच्या अटी पुऱ्या असल्या तर त्यांत ८० टक्के भत्ता, दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. त्या यादीत तीव्र मनोविकारही आहेत. म्हणजे राजीनाम्याऐवजी आम्ही त्याच्यासाठी वेळ मागू शकलो असतो. आणि मनाच्या आजारात वेळ हे अर्धे औषध आहे. ठेकेदाराच्या हाताखाली ज्याची नोंदच झालेली नाही, त्याला मात्र हा आधारही नाही. हे दुखणे संघटनेनेच दूर करायचे आहे.

१९१२ च्या कायद्याची जागा १९८७ च्या कायद्याने घेतली आणि त्याची जागा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने. हा कायदा २०१८ पासून अमलात आला. त्यातील चार-पाच गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात. उपचार मिळणे हा हक्क आहे. आपण आजारी पडलो तर कोणते उपचार करावे, कोणते करू नयेत, हे माणूस शुद्धीवर असताना आगाऊ लिहून ठेवू शकतो आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती नेमू शकतो. रुग्णाला साखळीने बांधता येत नाही. सक्तीने डोके भादरता येत नाही, गणवेशाची सक्ती करता येत नाही, फुकट राबवता येत नाही. भूल दिल्यावाचून विजेचा झटका देता येत नाही. केवळ घरचे नेत नाहीत म्हणून कोणाला इस्पितळात ठेवून घेता येत नाही.

या कायद्यात एक कलम असे आहे, की ते वाचून आम्ही पुस्तक खाली ठेवले. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला तत्काळ इजा करील अशी भीती असेल तेव्हाच, आणि तेवढ्याच वेळापुरते, त्याला बांधता येते. नोकरवर्ग अपुरा आहे या कारणावरून बांधता येत नाही. याचा अर्थ काय? परिचारिकांची संख्या वाढवा ही मागणी आजवर परिचारिकांची मागणी समजली जात होती. ती रुग्णाचीही मागणी आहे. कक्षात एकटी पडलेली सिस्टर आणि खाटेला बांधलेला रुग्ण, हे दोघे एकाच तुटीचे बळी आहेत. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे सोपे असते. त्याने तूट भरून निघत नाही.

कोणी म्हणेल, कायदा ठीक आहे, पण आमचे लोक आधी भगताकडे जातात. जातात, हे खरे. जव्हार-मोखाड्यात काय आणि आमच्या किनाऱ्यावर काय, भगत जवळ असतो आणि डॉक्टर लांब असतो. आम्ही त्यावर भांडत नाही. आम्ही इतकेच सांगतो, की अंगारा लावायचा तर लावा, पण गोळी थांबवू नका आणि माणसाला बांधू नका. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खोपटाला आग लागली आणि साखळ्यांत जखडलेले २८ मनोरुग्ण प्राणाला मुकले. त्यांतले बहुतेक बरे होण्याच्या आशेनेच आणले गेले होते.

तेव्हा खरा प्रश्न अंतराचा आहे. बोईसरहून ठाण्याला गोळ्या आणायला जायचे म्हणजे गाडीने वसई गाठून पुढे जा, नाहीतर महामार्गाने घोडबंदरवरून जा. रुग्णाचा एक रोज बुडतो आणि सोबत्याचा दुसरा. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि १९९६ पासून तो जिल्हावार नेण्यास आरंभ झाला, तो हे अंतर तोडण्यासाठीच. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले, की निरनिराळ्या मनोविकारांत शंभरातल्या ७० ते ९२ रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नाहीत. ज्या गावात क्षयाच्या गोळ्या मिळतात, त्या गावात या गोळ्या का मिळू नयेत, हे आपण ग्रामसभेत आणि नगरपरिषदेत विचारले पाहिजे. १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा २०२२ पासून फोनवर विनामूल्य सल्ला देते. तो क्रमांक निदान कारखान्याच्या फळ्यावर लिहून ठेवता येईल.

आणि घरी परतण्याची वाट अशक्य नाही. कर्जतची श्रद्धा संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उपचार देऊन देशभरातल्या त्यांच्या घरी पोहोचवीत आली आहे, तिचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या लहानशा कामातही पुढे एक प्रकरण आले. तेव्हा आम्ही राजीनामा लिहिला नाही. भत्ता मिळवला, रात्रपाळी सोडवून घेतली, टाकीपासून दूर बांधणीखात्यात बदली मागितली, आणि महिन्यातून एकदा एक सोबती त्याच्याबरोबर गोळ्या आणायला जाऊ लागला. तो आजही कामावर आहे.

पहिला गृहस्थ आता गावी असतो. वाटेत भेट झाली तर आम्हांला आग्रहाने चहा पाजतो. राजीनाम्याची गोष्ट तो कधी काढीत नाही. ती काढायची ती आम्हीच काढायची, म्हणून आज आपल्यापुढे काढली.