स्वमग्न मुलाची झोंप व एकत्र कुटुंब

रात्रीं दोन-अडीचच्या सुमारास मूल जागें होतें. तें रडत नाहीं, आजारीहि दिसत नाहीं. उठून दिवा लावतें, कपाटाचें दार वीस वेळां उघडतें व मिटतें, आपल्याशींच मोठ्यानें हंसतें, आणि पहांटे पांचपर्यंत त्यास पुन्हा झोंपेची गरज वाटत नाहीं. ज्या घरांत स्वमग्न मूल आहे त्या घरास हें वर्णन मुळींच नवें वाटणार नाहीं. स्वमग्न मुलांपैकीं निम्म्याहून अधिक मुलांस झोंपेचा कांहीं ना कांहीं त्रास असतो, असें आजवरच्या पाहण्यांतून दिसून आलें आहे. कोणास झोंप लागण्यासच दोन तास लागतात, कोणी मध्यरात्रीं उठून बसतें, कोणास चार वाजतांच उजाडतें. दुसरे दिवशीं तेंच मूल शाळेंत चिडतें, हात चावून घेतें, काल येत असलेली गोष्ट आज विसरतें. आणि त्याची आई? ती सकाळीं डबे भरतांना उभ्या उभ्या पेंगत असते. मोठ्या कुटुंबांत एका मुलाच्या जागरणानें सातआठ माणसांची रात्र मोडते, व तिचा हिशेब दुसरे दिवशीं स्वयंपाकघरांत चुकता होतो. म्हणून हा विषय केवळ आई व मूल यांचा नसून सबंध घराचा आहे, अशाच दृष्टीनें तो येथें मांडीत आहों.

प्रथम दोषारोपाविषयीं. बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अकरा मुलांचीं वर्णनें प्रसिद्ध करून या अवस्थेकडे वैद्यकजगताचें लक्ष वेधलें. त्यांच्या लिखाणांत आईबापांच्या थंडपणाचा उल्लेख आला, आणि पुढें ब्रूनो बेटेलहाइम यांनीं १९६७ सालच्या आपल्या ग्रंथांत त्या कल्पनेचें मोठेंच प्रस्थ माजविलें. वस्तुतः बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानें, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, १९६४ सालींच तें मत खोडून काढलें होतें. आज शास्त्रांत त्यास थारा नाहीं. आपल्या घरांतून मात्र तेंच मत निराळ्या वेषानें वावरतें. "आईनें लाडावून ठेवलें," "नोकरीपायीं दुर्लक्ष झालें," "दृष्ट लागली." यांपैकीं दृष्टीचें आम्हांस फारसें वावडें नाहीं. मीठमोहऱ्या ओंवाळल्यानें अपाय होत नाहीं. किंबहुना रोज ठराविक वेळीं ओंवाळल्या तर त्या नित्यक्रमाचा एक भाग बनून उपयोगीहि पडतील. फक्त मिरच्यांचा खकाणा टाळावा. पहिलीं दोन वाक्यें मात्र त्या आईची उरलीसुरली शक्ति हिरावून घेतात.

मग झोंप कां येत नाहीं? अंधार पडूं लागला कीं मेंदूंतील पिनियल नांवाची चिमुकली ग्रंथि मेलॅटोनिन हें द्रव्य रक्तांत सोडूं लागते. अमेरिकेंत येल विद्यापीठांत एरन लर्नर व त्यांचे सहकारी यांनीं १९५८ सालीं तें जनावरांच्या ग्रंथींतून वेगळें काढलें. शरीराच्या घड्याळास रात्र झाल्याचा निरोप पोंचविणें हें त्याचें काम. कित्येक स्वमग्न व्यक्तींत हा निरोप क्षीण असतो, किंवा उशिरां पोंचतो. शिवाय ज्ञानेंद्रियांचा प्रश्न आहेच. आपणांस ऐकूंहि न येणारी पंख्याची कुरकुर, समोरच्या रस्त्यावरील दिव्याची भिंतीवर पडलेली पट्टी, सदऱ्याच्या मानेशीं टोंचणारी चिठी, खळ घातलेली चादर, यांतील एखादी गोष्ट त्या मुलास तासच्या तास छळते, आणि तें सांगूं शकत नाहीं. तिसरें कारण सहसा लक्षांत येत नाहीं. सर्वजण जांभया देऊं लागले, दिवे मालवले, म्हणजे आतां निजायचें, हें इतर मुलें न सांगतां उमजतात. स्वमग्न मुलास या सामाजिक खुणा आपोआप वाचतां येत नाहींत. त्याच्या लेखीं बत्ती गेली, इतकेंच.

उपाय आरंभण्यापूर्वीं मुलास डॉक्टरांकडे नेणें अवश्य आहे. बोलतां न येणाऱ्या मुलाचें दुखणें पुष्कळदां रात्रींच प्रगट होतें. बद्धकोष्ठ, छातींत येणारें आंबट पाणी, किडलेली दाढ, कान, जंत. घोरत असेल तर वाढलेल्या गांठींमुळें अडणारा श्वास. सारखे पाय झाडत असेल तर शरीरांतील लोहाची उणीव, जी रक्ताच्या साध्या तपासणींत कळते. अपस्माराचे झटके स्वमग्न मुलांत इतरांपेक्षां अधिक आढळतात व कधीं कधीं ते केवळ झोंपेंतच येतात, म्हणून निजलेल्या मुलाचें अंग विचित्र ताठत वा आंचके देत असेल तर मोबाईलवर त्याचें चित्रण करून तें दाखवावें. चालू औषधांपैकीं एखादें झोंप उडवीत नाहीं ना, हेंहि विचारून घ्यावें.

त्याचबरोबर दोन आठवडे एक वही ठेवावी. अंथरुणावर कधीं नेलें, झोंप कधीं लागली, कितीदां उठलें, उठल्यावर कोणी काय केलें, सकाळीं कधीं जागें झालें, दिवसां कोठें डुलकी लागली, एवढें रोज टिपावें. तीन ते पांच वर्षांच्या मुलास दिवसाची झोंप धरून दहा ते तेरा तास व सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास झोंप हवी, असें मान अमेरिकेंतील निद्रावैद्यकाच्या संस्थेनें २०१६ सालीं ठरविलें आहे. वही भरली कीं पुष्कळदां घरांतलींच गुपितें बाहेर पडतात. पांच वाजतां आजोबा नातवास मांडीवर घेतात व दोघेहि तासभर घोरतात. किंवा चहाची अर्धी बशी रोज प्रेमानें त्यास मिळते. चहा, कॉफी, कोला व चॉकलेट हीं दुपारनंतर अशा मुलास देऊं नयेत.

आतां संध्याकाळ. एकत्र कुटुंबाची खरी परीक्षा येथें आहे. साडेआठाला बातम्या, नवाला कुकरच्या शिट्या, साडेनवाला पानें मांडायचीं, दहाला कोणी सहज डोकावणार. या गजबजींत दहा वाजेपर्यंत उड्या मारणाऱ्या मुलानें सव्वादहाला निमूट डोळे मिटावेत, ही अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करतों? निजण्यापूर्वींचा एक तास तरी मंद गेला पाहिजे. मुलाचें जेवण पंगतीबरोबर असण्याचा आग्रह सोडून त्यास साडेसात-आठला भरवावें. घरांतली एक खोली तेवढ्या वेळेपुरती त्याची असावी. तेथें पिवळा मंद दिवा, पडदे ओढलेले, मोबाईल व टेलिव्हिजन मुळींच नाहीं, कारण त्या पडद्यांचा निळसर प्रकाश मेलॅटोनिन स्रवण्यास अडथळा करतो. पण बाहेरच्या खोलींतला टेलिव्हिजनचा आवाज कमी करा, असें सासऱ्यांस सांगणार कोण? सुनेनें सांगावें, अशी व्यवस्था करूं नये. तें काम मुलाच्या बापाचें आहे, व त्यानें तें एकदां बसून, वडिलांस सर्व समजावून, करावें. वडील माणसें हट्टी असतात असें म्हणण्याची चाल आहे. परंतु त्यांस कारण नीट सांगितलेलेंच नसतें, असेंच बहुधा आढळतें.

या एका तासांतील क्रम दररोज तोच व त्याच ओळीनें असावा. स्वमग्न मुलास शब्दांपेक्षां चित्र लवकर पटतें, म्हणून पुठ्ठ्यावर पांचसहा चित्रें लावावींत: दांत घासणें, लघवी, रात्रीचे कपडे, देवास नमस्कार, गोष्ट, दिवा बंद. एकेक झालें कीं तें चित्र मुलानेंच काढून खिशांत टाकावें. कोमट पाण्याचें स्नान एकास शांत करतें, दुसऱ्यास खडबडून जागें करतें. दुसऱ्या जातीचें मूल असेल तर स्नान दुपारींच उरकावें. मुख्य गोष्ट ही कीं, निजविणारी आजी असो, काकू असो वा बाप असो, क्रम व शब्द बदलतां कामा नयेत. "चला, पुठ्ठा" म्हणायचें ठरलें तर सर्वांनीं तेंच म्हणावें. वजनदार पांघरुणांची सध्यां फार जाहिरात होते. इंग्लंडांत झालेल्या व २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत तीं घेऊन मुलें अधिक वेळ झोंपलीं नाहींत. मात्र मुलांस व आईबापांस तीं आवडलीं. तेव्हां हजारों रुपये खर्चण्यापूर्वीं आजीची जुनी जाड गोधडी देऊन पाहावी. मुलास ती आपण होऊन दूर सारतां आली पाहिजे, आणि अगदीं लहान मुलावर असलें ओझें घालूं नये.

पाश्चात्य पुस्तकें येथें एक उपदेश करतात कीं, मुलास स्वतंत्र खोलींत एकटें निजवावें. आपल्या घरांतून तो बहुधा वाचून सोडून दिला जातो, व त्याबरोबर त्यामागचें खरें तत्त्वहि फुकट जातें. तें तत्त्व असें: कोणीहि मनुष्य सबंध रात्र एकसारखें झोंपत नाहीं, झोंपेच्या लाटा येतात व दोन लाटांमध्यें आपण सर्वचजण क्षणभर जागे होतों. कूस बदलतों आणि पुन्हा निजतों, कारण डोळे मिटतांना जें भोंवतीं होतें तेंच अजून भोंवतीं असतें. मुलास आईनें थोपटून निजविलें व झोंप लागतांच ती भांडीं आवरण्यास उठून गेली, तर दोन वाजतां त्यास सारें जग बदललेलें दिसतें. थोपटणारा हात नाहीं, दिवा नाहीं, अंगाईचा आवाज नाहीं. मग तें उठणारच. एकत्र निजण्याची आपली चाल यांत आडवी येत नाहीं. मूल आजीजवळ झोंपत असेल तर खुशाल झोंपूं द्यावें, परंतु आजी सकाळपर्यंत तेथेंच असली पाहिजे. थोपटणें, मांडीवर डोलविणें, बाटली, मोबाईलवरचें गाणें, या रात्रभर न टिकणाऱ्या गोष्टी मात्र हळूहळू सोडवाव्यात. आठ दिवस नुसता हात पाठीवर ठेवावा, पुढचे आठ दिवस शेजारीं बसावें, मग वीतभर दूर.

ज्यास झोंप लागण्यासच उशीर होतो त्याच्याबाबत एक युक्ति प्रथमदर्शनीं उलटी वाटेल. वहीवरून समजा असें दिसलें कीं मूल नऊला अंथरुणावर जातें पण झोंपतें साडेअकराला. तर त्यास साडेअकराच्या सुमारासच अंथरुणावर न्यावें. अंथरूण म्हणजे झोंप, ही गांठ प्रथम पक्की बसूं द्यावी. चारपांच रात्री तें लवकर झोंपूं लागलें कीं वेळ पंधरा मिनिटांनीं अलीकडे ओढावी, मग आणखी पंधरा. सकाळीं उठविण्याची वेळ मात्र ठाम; रविवार असो, रात्र कशीहि गेलेली असो, त्याच वेळीं उठवून उजेडांत न्यावें.

मध्यरात्रीं उठल्यास दिवा लावूं नये, गप्पा मारूं नयेत, बिस्किट देऊं नये, रागावूंहि नये. दोन ठरलेले शब्द उच्चारून हात धरून अंथरुणावर परत आणावें, दहा वेळां उठल्यास दहा वेळां. पहिल्या कांहीं रात्रीं गोंधळ कमी होण्याऐवजीं वाढतो. हें अपेक्षितच आहे व तें घरांतील प्रत्येकास आधींच सांगून ठेवावें. कारण एकत्र कुटुंबाचें मर्मस्थान नेमकें येथें असतें. आईबाप तीन रात्री निश्चयानें काढतात, आणि चौथ्या रात्रीं कोणी कळवळून म्हणतें, "एवढंसं दूध दिलं तर काय बिघडलं?" बिघडतें तें असें कीं, तासभर आकांत केल्यास दूध मिळतें, हा धडा मूल शिकतें, व पुढच्या खेपेस सवा तास करतें. म्हणून घरांत परीक्षा, लग्नकार्य वा आजारपण नसेल असा पंधरवडा निवडावा, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांस कळवावें, आणि मगच आरंभ करावा. प्रारंभींच दारास उंचावर कडी व एक घुंगूर बांधावा. गॅसची टाकी रात्रीं बंद, औषधें कुलुपांत, गॅलरीचें दार लावलेलें. स्वमग्न मूल रात्रीं एकटें घराबाहेर निघून जाण्याची भीति काल्पनिक नाहीं.

एवढें करूनहि यश न आल्यास औषधाचा विचार करावा. अमेरिकेंतील मज्जाशास्त्राच्या संस्थेनें २०२० सालीं दिलेल्या मार्गदर्शनांत हाच क्रम आहे: आधीं सवयी, नंतर मेलॅटोनिन, व दोन्ही एकत्र. युरोपांत स्वमग्न मुलांसाठीं सावकाश विरघळणाऱ्या मेलॅटोनिनच्या लहान गोळ्यांस २०१८ सालीं मान्यता मिळाली. पण तीं बाजारांतून आपण होऊन आणावयाची मिठाई नव्हे. २०२३ सालीं अमेरिकेंत अशा पंचवीस चघळावयाच्या गोळ्या तपासल्या, तेव्हां बावीसांत लिहिल्याप्रमाणें प्रमाण नव्हतें व एकींत तर मेलॅटोनिन मुळींच नव्हतें. प्रमाण व वेळ डॉक्टरांनींच ठरवावी. गुंगी आणणारें खोकल्याचें औषध चमचाभर पाजणें हा तर सर्वस्वी अविचार आहे. कांहीं मुलें त्यानें उलट खवळतात. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बाया एके काळीं तान्ह्यांस अफूची बाळगोळी देत, त्यांस आपण नांवें ठेवतों. त्यांस निदान दुसरा इलाज नव्हता.

सणवार आले कीं बसविलेली घडी विसकटते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें रात्रीं दहा ते सकाळीं सहा ध्वनिक्षेपकास मनाई आहे, परंतु वर्षांतून पंधरा दिवसांपर्यंत ती मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करण्याचा अधिकार राज्य सरकारास आहे, व तो सणासुदींतच वापरला जातो. मंडपासमोरचें घर असेल तर ते दिवस मुलास आजोळीं नेणें बरें. बरोबर तीच चादर, तीच उशी व तो पुठ्ठा न्यावा. परत आल्यावर पहिल्या दिवसापासून पुन्हा तोच क्रम धरावा. बहुधा तीनचार रात्रींत घडी बसते.

कांहीं मुलें मात्र सर्व करूनहि चारपांच तासांपलीकडे झोंपत नाहींत. अशा घरांत रात्रींची वांटणी केली पाहिजे, आणि ती तोंडी न ठेवतां कॅलेंडरवर लिहून टांगली पाहिजे: सोमवार बापाचा, मंगळवार काकाचा, बुधवार आजीचा, याप्रमाणें. आईस आठवड्यांतून निदान दोन रात्री सबंध मिळाव्यात. ज्या रात्रीं तिची पाळी नसेल त्या रात्रीं तिनें दुसऱ्या टोंकाच्या खोलींत, दार लावून निजावें. नाहींतर मुलाच्या पहिल्या हालचालीबरोबर तीच उठून बसते, व पाळी ज्याची आहे तो निवांत घोरत राहतो.