लीला चिटणीस : नायिका आणि आई

हिंदी चित्रपटातील आई म्हटली की आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना ‘आवारा’तील राज कपूरची दुःखी आई आठवते. ती भूमिका करणाऱ्या लीला चिटणीस आपल्याच मराठी भाषेच्या कन्या होत्या.

लीलाबाईंचा जन्म ९ सप्टेंबर १९०९ रोजी धारवाड येथे झाला. वडील इंग्रजीचे प्राध्यापक होते व लीलाबाई स्वतः पदवीधर होत्या. विवाहानंतर चार मुले झाली. पुढे पतीपत्नी विभक्त झाले. मुलांच्या पोटासाठी त्यांनी शाळेत शिकविले आणि नाटकांतून कामे केली. ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेच्या ‘उसना नवरा’ (१९३४) या विनोदी नाटकाने त्यांचे नाव झाले. सुशिक्षित घरातील स्त्रीने रंगभूमीवर उभे राहणे त्या काळी सोपे नव्हते.

पडद्यावर त्यांनी लहानसहान कामांपासून सुरुवात केली. ‘जंटलमन डाकू’ (१९३७) मध्ये त्या पुरुषवेषात दिसल्या. बॉम्बे टॉकीजच्या ‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’ (१९४०) आणि ‘झूला’ (१९४१) या चित्रपटांत अशोककुमारबरोबर त्यांची जोडी अतिशय गाजली. १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत त्यांचे चित्र झळकले. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय नटी.

नायिकेच्या भूमिका मिळेनाशा झाल्या तेव्हा लीलाबाई घरी बसल्या नाहीत. ‘शहीद’ (१९४८) मध्ये त्या दिलीपकुमारची आई झाल्या. दोघांच्या वयात अंतर अवघे तेरा वर्षांचे! पुढे ‘आवारा’ (१९५१), ‘गंगा जमुना’ (१९६१), ‘गाईड’ (१९६५) या चित्रपटांत त्यांनी हीच माया पडद्यावर आणली. १९५५ मध्ये ‘आज की बात’ या चित्रपटाचे दिग्दर्शनही केले. ‘चंदेरी दुनियेत’ हे त्यांचे मराठी आत्मचरित्र १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले.

उतारवयात त्या मुलांकडे अमेरिकेत गेल्या. कनेक्टिकट राज्यातील डॅनबरी येथे १४ जुलै २००३ रोजी त्यांचे निधन झाले. मायभूमीपासून दूर गेलेल्यांचे मन आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आज पेनसिल्व्हानियातील स्टेट कॉलेजात शिकणारा मराठी मुलगा असो की आपल्या बेटावरील आजीबाई, ‘आवारा’ घरबसल्या पाहता येतो. मुलांना जवळ बसवून तो अवश्य दाखवा आणि सांगा, ही आई मराठी बोलणारी होती. चार मुलांसाठी तिने रंगमंचावर पाऊल टाकले आणि पुढे असंख्य प्रेक्षकांची ती आई झाली.