'सेव्ह' म्हणजे कोणाला वाचवायचं?

मैत्रिणींनो, कॉम्प्युटरचा विषय निघाला की आपल्यापैकी बऱ्याच जणी 'ते मुलांना विचारा' म्हणून मोकळ्या होतात. पण काही सॉफ्टवेअर अशी आहेत, की त्यांना इंजिनिअर लागतात तशीच तुमच्या-माझ्यासारखी माणसंही लागतात. त्यांना म्हणतात ओपन सोर्स, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर.

मुक्त म्हणजे काय? तयार ब्लाउज आणला तर तो आहे तसा घालायचा. पण सोबत पेपर कटिंगही मिळालं तर? मग गळा बदला, बाही वाढवा, शेजारणीलाही कागद द्या! मुक्त सॉफ्टवेअरची आतली मांडणी अशी सगळ्यांना खुली असते. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या चळवळीची सुरुवात केली. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स आणलं. आज आपल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटातही लिनक्सच आहे.

यात आपलं काय काम? पहिलं काम भाषेचं. लिब्रे ऑफिसमध्ये पत्रं लिहिता येतात, हिशेबाचे तक्ते करता येतात. ते फुकट आहे आणि मराठीतही मिळतं. त्यातला एकेक शब्द कोणीतरी बसून मराठीत आणला आहे. आमच्या बचत गटाचा हिशेब कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं, तेव्हा एकीने विचारलं, "ताई, सेव्ह म्हणजे कोणाला वाचवायचं?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न अगदी बरोबर होता. 'जतन करा' म्हटलं की तिला लगेच कळतं. 'बुकमार्क'ला 'वाचनखूण' किती छान वाटतं! पण 'फाइल'ला 'धारिका' म्हटलं तर आपल्याला फाइलच बरी वाटते. कुठला शब्द लोकांच्या तोंडी बसेल हे कळायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही, कान तयार लागतो.

दुसरं काम समजावून सांगण्याचं. ऑस्ट्रेलियातल्या जीन हॉलिस वेबर या व्यवसायाने तंत्रलेखिका. त्यांनी जगभरातल्या स्वयंसेवकांना सोबत घेऊन आधी ओपन ऑफिसच्या आणि पुढे लिब्रे ऑफिसच्या मार्गदर्शक पुस्तिका तयार केल्या. पाककृती नीट क्रमाने लिहिणारीला हे जमण्यासारखं आहे.

तिसरं काम अडलं तर कळवण्याचं. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, या तीन गोष्टी नेमक्या लिहिल्या की दुरुस्ती करणाऱ्याचं निम्मं काम होतं.

चौथं काम तर नुसतं वाचण्याचं! मोझिलाने २०१७ मध्ये 'कॉमन व्हॉइस' सुरू केलं. यंत्राला माणसाचं बोलणं समजावं म्हणून त्यात लोक वाक्यं मोठ्याने वाचून आपला आवाज देतात आणि दुसरे ते ऐकून तपासतात. मराठीही त्यात आहे. शहरातल्या पुरुषांचेच आवाज गोळा झाले, तर वऱ्हाडातल्या किंवा कोकणातल्या बाईचं बोलणं यंत्राला कसं कळणार?

तुम्ही म्हणाल, "म्हणजे आणखी एक फुकटचं काम!" खरं आहे. यातलं बरंचसं काम बिनपैशाचं असतं आणि त्यावर मोठ्या कंपन्या कमाईही करतात. घरात, समारंभात राबणाऱ्या बाईने हा विचार जरूर करावा. फरक एवढाच, की इथे बहुतेक ठिकाणी कोणी काय केलं याची नावानिशी नोंद राहते आणि केलेलं काम सगळ्यांसाठी खुलं राहतं.

मोबदल्याच्या वाटाही आहेत. २००६ मध्ये ग्नोम या मुक्त प्रकल्पाकडे गुगलच्या उन्हाळी उपक्रमासाठी १८१ अर्ज आले, त्यात एकही बाई नव्हती! तेव्हा त्यांनी खास स्त्रियांसाठी उपक्रम काढला. त्यातूनच पुढे 'आउटरीची' उभं राहिलं. त्यात निवड झालेल्यांना घरबसल्या तीन महिने मानधनावर काम मिळतं, आणि लेखन किंवा चित्र-मांडणीची कामंही त्यात असतात. लेकीला, सुनेला हे नाव जरूर सांगा.

आणि स्वतःसाठी? आधी कॉम्प्युटरवर लिब्रे ऑफिस मराठीतून उघडा. जो शब्द खटकेल तो वहीत लिहा, शेजारी आपल्याला सुचलेला शब्द लिहा. दहा शब्द जमले की ते मराठीकरण करणाऱ्या स्वयंसेवकांना कळवा. पुढच्या बचत गटातल्या बाईला मग 'कोणाला वाचवायचं' असं विचारावं लागणार नाही.