चारही चाकांना जोर: हवा की नको?

यंदाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगुळ देता देता एका नव्या जोडप्याने मला गाठले. टेक्ससहून नोकरीसाठी नुकतेच सिरॅक्यूजला आलेले, घरात दीड वर्षाचे मूल. "काका, तुम्ही इंजिनिअर. छोटी एस.यू.व्ही. घेतोय. ऑल व्हील ड्राइव्हचे जास्तीचे पैसे भरावेत का? आणि एवढ्याशा इंजिनावर ती चढण चढेल का?" स्नॅक्सच्या रांगेत उभ्या उभ्या देण्यासारखे हे उत्तर नव्हते, म्हणून हा लेख.

आपल्या पिढीला फोर व्हील ड्राइव्ह म्हटले की सरकारी साहेबांची जीप आठवते. चिखलात रुतली की ड्रायव्हर गिअरशेजारचा दुसरा दांडा ओढायचा आणि पुढची-मागची चाके एकमेकांना जखडली जायची. चिखलात हे उत्तम. पण वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती जखडून ठेवली तर टायर खरडतात आणि यंत्रणेवर ताण येतो. म्हणून रस्ता पक्का लागला की दांडा परत जागेवर.

दांडा गेला, क्लच आला

ऑफिसला आणि ग्रोसरीला जाणाऱ्या माणसाला हा दांडा नको होता. 1996 च्या मॉडेलवर्षी टोयोटाची राव-फोर अमेरिकेत आली, पुढच्या वर्षी होंडाची सी.आर.-व्ही. आणि त्यानंतर सुबारूची फॉरेस्टर. तिन्ही गाड्या जीपसारख्या वेगळ्या चौकटीवर नव्हे, तर मोटारीच्या सांगाड्यावर बेतलेल्या. पण चार चाकांना जोर देण्याची प्रत्येकीची रीत निराळी.

राव-फोरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये एक डिफरेन्शियल होते, त्यामुळे चारही चाकांना सतत जोर मिळे आणि वळणावरचा फरकही सांभाळला जाई. होंडाची युक्ती मोठी मजेदार होती. तेलाचे दोन पंप, एक पुढच्या चाकांबरोबर फिरणारा, दुसरा मागच्या. दोघांचा वेग सारखा असेल तोवर काहीच होत नसे. पुढची चाके जागच्या जागी फिरू लागली की पंपांच्या वेगात फरक पडे, तेलाचा दाब वाढे आणि त्या दाबाने क्लच आवळला जाऊन मागच्या चाकांना जोर मिळे. म्हणजे आधी घसरायचे, मग मदत यायची! आजच्या बहुतेक छोट्या क्रॉसओव्हरमध्ये हाच क्लच आहे, पण तो कॉम्प्युटरच्या हुकमाने चालतो आणि गाडी निघतानाच, घसरण्याची वाट न पाहता, थोडासा आवळून घेतो. फॉरेस्टरने मात्र अमेरिकेत चारही चाकांचा जोर पहिल्यापासून सगळ्या गाड्यांना दिला.

इंजिन लहान का झाले?

1997 च्या सी.आर.-व्ही.चे दोन लिटरचे इंजिन 126 अश्वशक्तीचे होते. पुढे ताकदीची हौस वाढली. 2006 च्या राव-फोरला साडेतीन लिटरचे, 269 अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे इंजिन मिळू लागले. 2013 च्या मॉडेलमध्ये ते गेले आणि अडीच लिटरचे चार सिलिंडरच उरले. 2017 च्या सी.आर.-व्ही.त दीड लिटरचे टर्बो इंजिन आले, 190 अश्वशक्तीचे. म्हणजे वीस वर्षांत इंजिन पाव हिश्शाने घटले आणि ताकद दीडपट झाली. वाया जाणाऱ्या धुराच्या झोताने एक छोटा पंखा फिरवायचा आणि त्याने सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबायची, हे टर्बोचे तत्त्व. त्यामुळे चढणीची काळजी नको. एकच पथ्य: कडाक्याच्या थंडीत रोज मैलभरच गाडी चालवली तर इंजिन पुरते तापत नाही आणि थोडे पेट्रोल तेलात उतरू शकते. अशांनी ऑइलची कांडी अधूनमधून पाहावी.

या बदलामागे सरकारी नियमाचाही हात आहे. 1975 च्या कायद्याने प्रत्येक कंपनीच्या गाड्यांना सरासरी मायलेजचे बंधन घातले. त्यातली एक मेख फारशी कुणाला ठाऊक नसते. 2011 च्या मॉडेलवर्षापासून दोन चाकांना जोर असलेली छोटी एस.यू.व्ही. 'कार' समजली जाते. तीच गाडी चार चाकांच्या जोराची आणि जमिनीपासून पुरेशी उंच असेल तर 'लाइट ट्रक' ठरते, आणि ट्रकला मायलेजची अट सौम्य! 2025 साली काँग्रेसने या नियमाचा दंड शून्यावर आणला, तेव्हा पुढे काय होते ते पाहायचे.

दांडीशिवाय चार चाके

खरी उलथापालथ हायब्रिडने केली. 2016 च्या राव-फोर हायब्रिडमध्ये इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारी लोखंडी दांडीच नाही. मागच्या चाकांना स्वतःची विजेची मोटर आहे. होंडाने 2020 च्या हायब्रिडमध्ये दांडी कायम ठेवली. त्या वर्षीच्या दोन्ही गाड्या चारही चाकांना जोर देऊन गॅलनला 40 मैलांच्या आसपास जातात.

आता पर्याय कसे बदललेत पाहा. माझ्दाने 2022 पासून सी.एक्स.-5 मध्ये चारही चाकांचा जोर सरसकट केला. टोयोटाने 2026 च्या मॉडेलपासून अमेरिकेत साधे पेट्रोलचे राव-फोर बंद करून सगळे हायब्रिड केले, आणि एरवी चार चाकांच्या जोरासहच येणारे हे हायब्रिड आता दोन चाकांच्या जोरातही दिले. म्हणजे 'मोठे इंजिन, फोर व्हील ड्राइव्ह, कमी मायलेज' हे जुने त्रैराशिक आता चालत नाही.

आमच्या डब्याची गोष्ट

मग घ्यायची का? ऐका. बऱ्याच वर्षांपूर्वी मी अशीच गाडी घेतली होती. संक्रांतीहून परतताना बर्फ पडत होता. शेजारी अडकलेल्या गाड्या मागे टाकत मी ऐटीत उतारावर आलो. खाली स्टॉप साइन. ब्रेक दाबला. गाडी थांबेना! चौक ओलांडून पलीकडच्या बर्फाच्या ढिगात जाऊन रुतलो. मागे दोन्ही मुले, शेजारी सौ.च्या मांडीवर तिळगुळाचा डबा. आडवे कुणी आले नाही, म्हणून आज हे लिहितो आहे. दोष गाडीचा नव्हता. ऑल व्हील ड्राइव्हला पैसे मोजल्यावर मी टायरवर काटकसर केली होती. जुनेच ऑल सीझन टायर अजून एक हिवाळा काढतील म्हणालो होतो.

ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. चारही चाकांचा जोर गाडी हलवायला मदत करतो, थांबवायला नाही. थांबवतो तो टायर. साधे रबर 45 अंश फॅरनहाइटच्या खाली कडक होऊ लागते, विंटर टायरचे मऊ राहते. डोंगराच्या तीन शिखरांत हिमकण असे चिन्ह बाजूला पाहून घ्यावेत.

तेव्हा माझे उत्तर असे. ड्राइव्हवे चढाचा असेल, पहाटे बर्फ काढायच्या आधी निघावे लागत असेल, तर ऑल व्हील ड्राइव्ह जरूर घ्या. त्याचा खर्चही जाणून घ्या: साध्या पेट्रोल गाडीत गॅलनमागे मैल-दोन मैल कमी, मागच्या डिफरेन्शियलचे तेल, आणि टायर चारही एकदम बदलणे. एकच नवा घातला तर घेर वेगळा पडतो आणि क्लचला विनाकारण राबावे लागते. सपाट भागात राहत असाल आणि नगरपालिका रस्ते वेळेवर साफ करत असेल, तर पुढच्या दोन चाकांच्या जोराची गाडी आणि चार विंटर टायर पुरतात. दोन्ही परवडत नसेल, तर आधी टायर.

त्या जोडप्याला एवढेच सांगतो: गाडी कुठलीही घ्या, पण पुढच्या संक्रांतीला घरी जाताना उतारावर हळू. मागे बाळ आहे.