आम्ही नाही थांबणार!

गॅजेट उघडून बसणाऱ्यांना आपण रिकामटेकडे म्हणून मोकळे होतो. पण अशाच काही उचापतखोरांनी घरबसल्या जे जमवलं, ते कंपन्यांनाही तोवर बाजारात आणता आलं नव्हतं. साखरेची, सर्किटची आणि शांत झोपेची ही गोष्ट.

प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी 'स्क्रूड्रायव्हर' असतोच! बाकीचे वीकेण्डला मॉलमध्ये, तर ही स्वारी मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत, कसला तरी बोर्ड शोधत फिरत असते. नवीन काही घेतलं की आधी ते उघडायचं. वॉरंटी गेली तरी बेहत्तर!

ही मंडळी वस्तू उघडतात तरी कशासाठी, याचं मला कायम कुतूहल वाटत आलंय. बरेचदा उत्तर असतं, 'सहज'. पण अमेरिकेतल्या काही टाइप वन मधुमेहींनी आणि त्यांच्या आई-बाबांनी गॅजेट उघडली, तेव्हा कारण 'सहज' नव्हतं. प्रश्न जिवाचा होता.

रात्री तीनचं गणित

टाइप वन मधुमेहाचा आणि गोड खाण्याचा काही संबंध नाही. यात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते, बरेचदा लहानपणीच. मग आयुष्यभर इन्सुलिन बाहेरून घ्यायचं. कमी पडलं की साखर चढते, जास्त झालं की उतरते. आणि झोपेत फारच उतरली, तर जिवावरही बेतू शकतं.

यावर दोन यंत्रं मिळतात. एक सीजीएम, म्हणजे त्वचेखाली बारीकसा सेन्सर. तो दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा सांगतो. दुसरा इन्सुलिन पंप, तो थोडं थोडं इन्सुलिन सोडत राहतो. पण २०१३ साली आकडा बघून डोस किती वाढवायचा किंवा कमी करायचा, हे गणित माणसालाच करावं लागे. रात्री तीनलासुद्धा!

बाबांचा हॅक

जॉन कॉस्टिक हा न्यूयॉर्क राज्यातला सॉफ्टवेअर इंजिनीअर. त्याच्या चार वर्षांच्या मुलाला २०१२ मध्ये टाइप वन असल्याचं कळलं. पुढच्या वर्षी डेक्सकॉम कंपनीचं सीजीएम आलं, पण आकडा दिसायचा तो फक्त मुलाजवळच्या रिसीव्हरवर. मुलगा शाळेत, बाबा ऑफिसात. मग त्या आकड्याचा बाबांना काय उपयोग?

कॉस्टिकने रिसीव्हरला केबल लावून आतला डेटा कसा वाचायचा ते शोधून काढलं आणि फोनमार्फत तो इंटरनेटवर पाठवला. आता ऑफिसात बसून मुलाची साखर दिसायला लागली. मे २०१३ मध्ये त्याने हे ट्विटरवर टाकलं आणि इतर पालक मागे लागले, आम्हालाही पाहिजे! त्यातून 'नाइटस्काउट' उभं राहिलं. कोड खुला, फुकट, आणि अडलं तर रात्री-अपरात्री मदत करायला इतर आई-बाबा ऑनलाइन हजर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात जमलेल्या मधुमेही मंडळींना आपली घोषणाही सापडली, 'वुई आर नॉट वेटिंग'. कंपन्या आणतील तेव्हा आणतील, आम्ही नाही थांबणार!

अलार्म ऐकूच येत नाही!

सिएटलच्या डेना लुईसची तक्रार तर अगदी साधी होती. गाढ झोपेत तिला सीजीएमचा अलार्म ऐकूच येत नसे. एकटी राहणाऱ्या मुलीसाठी ही गोष्ट किती भीतिदायक, विचार करा! डेना इंजिनीअर नव्हती, कम्युनिकेशनच्या क्षेत्रात काम करत होती. (माझ्यासारख्या मास कॉमवालीला हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू!) कॉस्टिकचा कोड हाती आल्यावर तिने आणि तिचा जोडीदार स्कॉट लीब्रँडने आधी मोठ्ठा अलार्म बनवला. मग साखर पुढे कुठे जाणार याचा अंदाज बांधणारा प्रोग्रॅम लिहिला. आणि डिसेंबर २०१४ मध्ये तो थेट पंपालाच जोडला!

हे जमलं कसं? रास्पबेरी पाय नावाचा क्रेडिट कार्डाएवढा कॉम्प्युटर आणि मेडट्रॉनिक कंपनीचा एक जुना पंप यांच्या जोरावर. बेन वेस्ट या दुसऱ्या मधुमेही तरुणाने या पंपांची भाषा उलगडण्यात कित्येक वर्षं घालवली होती. जुनाच पंप का? तर त्याच्या सुरक्षेत एक भोक होतं. बाहेरून आलेले रेडिओ संदेश तो मुकाट ऐकायचा. नव्या मॉडेलमध्ये ते भोक बुजवलं गेलं, तसे लोक जुने पंप शोधत फिरू लागले.

विकत मिळणार नाही

फेब्रुवारी २०१५ मध्ये दोघांनी 'ओपनएपीएस' नावाने सगळं खुलं केलं. पण तयार यंत्र विकलं मात्र नाही. वैद्यकीय उपकरण विकायला अमेरिकेत सरकारी परवानगी लागते. म्हणून कृती सर्वांना खुली, पण स्वयंपाक ज्याचा त्याने करायचा! याचा एक फायदाही आहे. जो स्वतः जोडतो, त्याला आत काय चाललंय ते ठाऊक असतं.

धोका नाही असं मुळीच नाही. मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा जोडाजोडीविरुद्ध जाहीर इशारा दिला. एका रुग्णाला इन्सुलिनचा ओव्हरडोस झाला होता. पुढच्याच महिन्यात त्या जुन्या पंपांबाबत हॅकिंगच्या धोक्याची सूचनाही निघाली.

पण २०२२ मध्ये न्यूझीलंडमधल्या चाचणीचा निकाल 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. ९७ मधुमेहींपैकी ज्यांनी खुल्या कोडवर चालणारी यंत्रणा वापरली, त्यांची साखर इतरांपेक्षा दिवसाला सरासरी ३ तास २१ मिनिटं जास्त वेळ योग्य पातळीत राहिली. साखर धोकादायकरीत्या उतरल्याची गंभीर घटना दोन्ही गटांत एकही नाही! आणि जानेवारी २०२३ मध्ये याच चळवळीतून आलेल्या 'टाइडपूल लूप' या ॲपला खुद्द एफडीएने मंजुरी दिली.

मधल्या काळात कंपन्याही जाग्या झाल्या. २०१६ मध्ये मेडट्रॉनिकच्या अशाच यंत्रणेला अमेरिकेत मंजुरी मिळाली. पण डेना आणि मंडळींनी विचारलेला प्रश्न अजून तसाच आहे. यंत्र माझ्या अंगावर, रक्त माझं, साखर माझी, मग तो आकडा कुणी, कुठे आणि कसा बघायचा हे ठरवणार कोण? आज आपल्या मनगटावरचं घड्याळ ठोके मोजतं, झोप मोजतं, पावलं मोजतं. हा प्रश्न आता फक्त मधुमेहींचा उरलाय का, सांगा बरं!

लूप चालतो कसा?

१. सेन्सर दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा पाठवतो.
२. छोटा कॉम्प्युटर (हल्ली बहुतेकदा फोनच) शरीरात आधीचं किती इन्सुलिन शिल्लक आहे ते धरून पुढचा अंदाज बांधतो.
३. त्याप्रमाणे पंपाला थोड्या वेळापुरता डोस कमी-जास्त करायला सांगतो.
४. संपर्क तुटलाच, तर तेवढा वेळ संपल्यावर पंप आपोआप डॉक्टरांनी ठरवलेल्या नेहमीच्या डोसवर येतो.

आणि हो, हा वीकेण्ड प्रोजेक्ट नव्हे! डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिनच्या वाटेला जाऊ नका.